तायडे मॅडमचं मालवाहू यान

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका वर्षी नववीच्या मुलींनी पुठ्ठ्याचं भलंमोठं अंतराळयान केलं होतं. चंदेरी कागद, मागे लाल ज्वाळा, खिडक्यांना निळा जिलेटिन आणि आत बॅटरीवर लागणारा दिवा. उद्घाटनाला आलेले पाहुणे त्याच्यापुढे बराच वेळ रेंगाळले, मुलींच्या पाठी थोपटून गेले. ते गेल्यावर तायडे मॅडम पुढे आल्या. पदर कमरेला खोचला, यानाभोवती एक चक्कर मारली, वाकून त्याच्या पोटाखाली पाहिलं आणि विचारलं,

"दार कुठंय?"

"हे काय मॅडम, इथं. अंतराळवीर इथून आत जातात."

"अंतराळवीराचं नाही गं. मालाचं. माल कुठून चढवायचा?"

मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. खिडक्या होत्या, झेंडा होता, मालाचं दार कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"इतक्या लांब रिकामंच पाठवताय?" मॅडम म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. त्यांचं हसणं दणदणीत असायचं, बाईमाणसाच्या हसण्याबद्दल आमच्या मुख्याध्यापकांच्या ज्या कल्पना होत्या त्यांत न बसणारं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पारोळ्याहून जळगावच्या त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आलो, तेव्हा वत्सला तायडे तिथे विज्ञान आणि गणित शिकवत होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, सावळ्या. उभ्या राहायच्या त्या दोन्ही पाय जमिनीत रोवून, जणू आता कोणीतरी त्यांच्या पाठीवर काही ठेवणार आहे. वडील असोद्याचे. शेत नव्हतं, म्हणून जळगावच्या रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. केळीचे घड खांद्यावरून वॅगनीत नेऊन रचायचे, वॅगनी दिल्लीकडे जायच्या. आई लहानपणीच गेली. मॅडम वडिलांची भाकरी घेऊन मालधक्क्यावर जायच्या आणि तिथेच वॅगनीच्या सावलीत बसून अभ्यास करायच्या. त्या बी.एस्सी.ला असताना वडीलही खोकून खोकून गेले. मागे राहिला धाकटा भाऊ सुदाम. त्याला मॅडमनीच वाढवला.

त्यांचं एक वाक्य शाळेत सगळ्यांना पाठ झालं होतं. "ते ठीक आहे, पण उचलणार कोण?" स्नेहसंमेलनाला मांडव घालायचा ठरला की मॅडम विचारणार. नवीन कपाटं आणायची ठरली की विचारणार. मुख्याध्यापक वैतागायचे. "अहो मॅडम, उचलतील कोणीतरी." मॅडम म्हणायच्या, "त्या कोणीतरीला नाव असतं, सर. शंकर शिपाई. आणि त्याची कंबर धरलीये." मग मुख्याध्यापक गप्प, आणि कपाटाचं दुसरं टोक धरायला मॅडम स्वतः हजर.

प्रदर्शनानंतर त्यांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना थांबायचंय त्या मुलींना घेऊन बसायचं आणि एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर माल कसा न्यायचा ते ठरवायचं. अभ्यासक्रमात हे कुठेच नव्हतं. मी शेजारच्या वर्गात वह्या तपासायचो, आणि तपासता तपासता कधी मागच्या बाकावर जाऊन बसायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही.

सुरुवात केळ्यांपासून झाली. जळगावच्या मुली दुसरं काय पाठवणार! मॅडमनी फळ्यावर एका टोकाला सूर्य काढला, दुसऱ्या टोकाला सगळ्यात जवळचा तारा. "तिथला प्रकाश इथं पोचायलाच चार वर्षांच्या वर लागतात. प्रकाशापेक्षा जोरात काहीच पळू शकत नाही. आता सांगा, केळं किती दिवस टिकतं?" केळी बाद झाली. कापूस बाद झाला, कारण तिथल्या लोकांना काय हवंय हे विचारायचं तर निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत मुलगी लग्नाला येईल. तोवर तिथली फॅशन बदललेली. मग सोनं? एका मुलीनं हात वर केला. मॅडम म्हणाल्या, "सोनं तिथंही असेल. जमिनीत असतं ते सगळीकडेच असतं. न्यायला जो खर्च येईल त्यात तिथला डोंगर खणून होईल."

ट्रकवाल्यांच्या घरातल्या मुली होत्या, त्यांना हे सगळं लगेच कळायचं. मॅडम त्यांना सांगायच्या की आकाशात गाडी पळवणं अवघड नाही, अवघड आहे ते थांबवणं. रस्ताच नाही तर ब्रेक कशावर घासणार? अर्धी वाट पळायचं आणि उरलेली अर्धी वाट उलटं तोंड करून आग ओकत वेग कमी करत जायचं. म्हणजे थांबण्यासाठीचं इंधनही सुरुवातीपासून वाहून न्यायचं. मालापेक्षा इंधनच जास्त. शिवाय एवढं मोठं धूड कुठल्या ग्रहावर उतरणार नाही, ते वरच फिरत राहणार, वॅगन साइडिंगला लावतात तसं. खालून छोट्या गाड्या जाणार, माल उतरवून आणणार. "म्हणजे उचल दोनदा," मॅडम म्हणायच्या. आणि परत येताना रिकामं यायचं का? परतीचं भाडं कोण देणार? तिथून इकडे आणण्यासारखं काय आहे? फळा भरून जायचा.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, "नीट विचार करा. जे नुसतं सांगून पाठवता येतं ते रेडिओवरून सांगा. औषध कसं करायचं ते सांगता येतं, यंत्र कसं करायचं ते सांगता येतं. न्यायचं तेच, जे सांगता येत नाही. असं काय आहे?"

मागच्या बाकावरची एक बुटकी मुलगी, कधीही न बोलणारी, उठली. "मॅडम, विरजण."

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. खडू तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. "अगं," त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. दही कसं लावायचं ते सांगता येईल. पण पहिलं विरजण सांगून कसं होणार? ते न्यावंच लागेल. आणि जिवंत ठेवायचं तर वाटेत रोज कोणाला तरी लावत राहावं लागेल."

त्या दिवसापासून त्यांच्या यानात माणसं आली.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी कथा लिहिली. मोठी कथा होती. विरजण आणि बियाणं घेऊन निघालेलं एक यान, त्यावर चार-दोन इंजिनीअर आणि बाकीचे हमाल. वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ सावकाश चालतं हे विज्ञान तिच्यात होतं. यानावरच्या माणसांची थोडी वर्षं होतात तेवढ्यात घरी माणसं म्हातारी होऊन मरतात. माल पाठवणारा माल पोचेपर्यंत नसतो, म्हणून पावती माणसाच्या नावानं नाही, गावाच्या नावानं फाडलेली असते. शेवटी यान पोचतं तर ती वसाहत केव्हाच ओस पडलेली. घ्यायला कोणीच नाही. सगळ्यात वयस्कर हमाल विचारतो, "उतरवायचं का?" प्रमुख म्हणतो, "आणलंय तर उतरवू." ते सगळा माल उतरवतात, थप्प्या लावतात, एका रिकाम्या घरात दही लावून ठेवतात आणि परत फिरतात. तिथे कथा संपते.

ही कथा मी शुद्धलेखनासाठी वाचली आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. धुळ्याला एक संपादक दिवाळी अंक काढायचे, माझी त्यांची ओळख होती. आम्ही दोघं एस.टी.नं धुळ्याला गेलो. गल्लीतल्या छापखान्यात, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्यांमध्ये खुर्च्या टाकून संपादकांनी आमचं स्वागत केलं. कथा त्यांनी आधीच वाचली होती.

"भाषा झकास आहे मॅडम. विज्ञानही पक्कं. पण हे हमाल? तारे ओलांडून गेलेल्या माणसाकडे हमाल असतील होय? यंत्रमानव करा त्यांचे."

"मग यंत्रमानव यानात चढवले कोणी?" मॅडमनी विचारलं.

"असं खोलात कोण जातं? वाचकाला झेप हवी. तुमच्याकडचं जे काही आहे ते असं सगळीकडे यायलाच हवं का?"

"माझ्याकडचं म्हणजे?"

संपादक चष्मा पुसायला लागले. मॅडम वाट पाहत राहिल्या. चष्मा पुसून झाला, पुन्हा डोळ्यांवर चढला. शेवटी ते म्हणाले, "बरं, हमाल राहू द्या."

दिवाळीत अंक आला. हमाल होते. शेवट मात्र बदलला होता. यान परत घरी येतं, बँड वाजतो, आणि तरुण हमालाच्या गळ्यात त्याचा आता म्हातारा झालेला मुलगा पडतो. मॅडमनी तो शेवट त्यांच्या घरी, माझ्यासमोर उभ्या उभ्या वाचला. "बँड लावलाय मेल्यानं," एवढंच म्हणाल्या आणि अंक टेबलावर टाकला.

तो अंक सुदामनं उचलला. सुदाम तेव्हा ट्रक चालवत होता. मॅडमनी त्याला शिकवायचा जिवापाड प्रयत्न केला, पण दहावीच्या आधीच तो क्लीनर म्हणून पळाला आणि ड्रायव्हर होऊनच परत आला. गोरटेला, हसरा, कानात अत्तराचा फाया. बायको कमल अमळनेरकडची, अहिराणी बोलणारी, आणि सुजाता नावाची लहान मुलगी. सगळी मॅडमच्याच दोन खोल्यांत राहायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली सुदामच्या गाडीचं सुटं सामान. मी चहाला गेलो की बहीण-भावांची यानावरून जुंपलेली असायची.

"ताई, तुह्या त्या यानाले ढाबा कुठी आहे?"

"नाही ढाबा."

"मग डायवर झोपीन कुठी? इतक्या लांबच्या भाड्याले मी तर नाही जाणार वं, आधीच सांगतो."

त्या दिवाळीत त्यानं ती कथा आम्हाला अडखळत, मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटाला आला तेव्हा सुजाताला त्यानं मांडीवर ओढलं. "हे बेस झालं," तो म्हणाला. "तुह्यावालं तर रडकं होतं. माणूस घरी आला पाहिजे ना?" कमल तोंडाला पदर लावून हसली.

पुढच्या वर्षीच्या थंडीत सुदाम केळी घेऊन उत्तरेला निघाला. क्लीनरला ताप होता म्हणून एकटाच गेला. मंडीत गाडी पोचलीच नाही.

आधी वाटलं गाडी बिघडली असेल. मग ट्रान्सपोर्टच्या मालकाचा माणूस येऊन विचारून गेला, सुदामनं काही कळवलंय का. नंतर निरोप आला की मध्य प्रदेशात, हमरस्त्यापासून आत, एका पडक्या गुदामामागे गाडी सापडली आहे. मॅडमनी मला बरोबर चला म्हटलं.

गाडी वासावरूनच कळली. केळी काळी पडून त्यांचा रस फळ्यांमधून खाली गळत होता, त्यावर माशा. चाकं कोणीतरी काढून नेली होती. रक्त नव्हतं, झटापटीची खूण नव्हती. सुदामची चादर केबिनमध्ये घडी करून ठेवलेली होती. मॅडम गाडीभोवती फिरल्या. ताडपत्री तीन बाजूंनी करकचून बांधलेली होती, चौथ्या बाजूचा दोर मोकळा लोंबत होता. तो दोर त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

पोलीस ठाण्यातल्या माणसानं सांगितलं, "भाग गया होगा. ड्रायवर लोग ऐसेही होते हैं." मालकाचंही तेच मत पडलं, गाडीचं सामान विकून पळाला. जळगावात परत येईपर्यंत ही बातमी आमच्याआधी पोचली होती. गल्लीत, नळावर, सगळीकडे तेच. माल टाकून पळाला.

मॅडमना भाऊ हरवल्याच्या दुःखाइतकाच हा शब्द लागला. मालकाच्या ऑफिसात जाऊन त्या उभ्या राहिल्या, पाय रोवून. "पळणारा माणूस उतरून दोर आवळत बसत नाही. तो दोर बांधायला उतरला होता. तिथंच त्याला कोणीतरी गाठलं." मालक म्हणाला, "बाई, मी कुठं नाही म्हणतो? पण माणूस कुठंय?" शोध घ्यायला त्या सुट्टी लागली की जायच्या, ढाब्याढाब्यावर फोटो दाखवायच्या. शाळेचा एकही तास मात्र चुकवला नाही. फक्त शनिवारचे ते वर्ग बंद झाले. मुलींनी विचारलं नाही.

घरात सुजाता होती. चार-पाच वर्षांची पोर, रोज संध्याकाळी दारात बसून विचारायची, बाबा कधी येणार. एकदा फार रडली तेव्हा मॅडमनी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की बाबा फार लांबचं भाडं घेऊन गेलेत. इतकं लांब की तिथं वेळ सावकाश चालतो. आपण मोठे होऊ, बाबा मात्र आहेत तसेच राहतील आणि एक दिवस परत येतील. बँड वाजेल. पोर झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं तेच पुन्हा सांगायला लावलं. मग ते रोजचं झालं.

मला हे कळलं तेव्हा मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बघू नका असं. मला दुसरं काही येत नाही."

अशी वर्षं गेली. कमल कपाळाला कुंकू लावायची की नाही यावरून बायका कुजबुजायच्या. तिचं वय ते काय होतं! एकदा मी गेलो असताना ती चुलीपुढून उठून मॅडमसमोर येऊन उभी राहिली. मी आहे याचंही तिला भान नव्हतं.

"ताई, खरं सांगा. तो जित्ता शे का?"

मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बठ्ठा लोके माले इचारतस. मी काय सांगू? मी कोण शे? रांडमुंड शे का सवाशीन शे?"

"जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही गं," मॅडम म्हणाल्या.

पहूरच्या एका माणसाची बायको बाळंतपणात गेली होती. मूल नव्हतं, शाळेत शिपाई होता, स्वभावानं शांत. त्याच्या घरच्यांनी नातेवाइकांकरवी कमलसाठी विचारलं. सुजातासकट घेऊन जायला तयार होते. कमलनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो माणूस भेटायला आला, मीही होतो. बिचारा खुर्चीच्या काठावर बसला होता, सुजातासाठी गोळ्यांची पुडी आणलेली. सुजाता त्याच्याकडे टक लावून पाहत होती. आठेक वर्षांची झाली होती आता.

"बाबा आले की तुम्ही कुठं जाल?" तिनं विचारलं.

कमल आत निघून गेली.

"माझे बाबा यान घेऊन गेलेत," सुजाता शांतपणे सांगत होती. "ते म्हातारे होत नाहीत. मी मोठी झाले ना, की मी आणि बाबा एकाच वयाचे असू. मग ते येतील."

मॅडमचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी तसा पाहिला नाही. हात जोडून त्यांनी पाहुण्याला बसायला सांगितलं, सुजाताचा हात धरून तिला अंगणात नेलं. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"सुजा, मी तुला जे सांगायचे ना, ते गोष्टीतलं होतं. असं यान अजून कोणी बांधलेलं नाही."

"मग बाबा कशात गेले?"

"ट्रकमध्ये."

"ट्रकमध्ये वेळ सावकाश नाही चालत?"

"नाही."

"मग ते कुठं आहेत?"

"ते गेले, बाळा. वाटेत त्यांना कोणीतरी मारलं. आता ते येणार नाहीत."

सुजाता रडली नाही. ती आत आली, पाहुण्याच्या हातातली गोळ्यांची पुडी घेतली आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मॅडम अंगणातच राहिल्या. पुरावा कसलाच नव्हता त्यांच्याकडे, तेव्हाही नव्हता आणि नंतरही कधी मिळाला नाही. पण त्या दिवसापासून "सुदाम गेला" असं त्या स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगत फिरल्या. नातेवाईक चिडले. सख्खी बहीण भावाला मारून टाकते म्हणाले. मॅडम ऐकून घ्यायच्या. कमलचं लग्न त्यांनीच लावून दिलं, बुद्धवंदना, हार, पाहुण्यांना बुंदी. निघताना कमल त्यांच्या गळ्यात पडून ओरडून रडली. सुजाता मात्र नव्या वडिलांचं बोट धरून एस.टी.त चढली आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही. त्या वयातलं मूल रुसलं तर किती रुसणार, असं मला वाटलं होतं. पण पुढे मॅडम पहूरला जायच्या तेव्हा ती त्यांच्यासमोर यायचीच नाही. कमलला दोन मुलगे झाले, घर चांगलं चाललं. सुजातानं आत्याशी कधीच पूर्वीसारखं बोलणं ठेवलं नाही.

लग्नाला वर्ष झालं नसेल, तोच सुदामच्या ओळखीचा एक ड्रायव्हर शाळेत मॅडमना शोधत आला. इंदूरच्या पलीकडे एका ढाब्यावर त्यानं सुदामला पाहिलं होतं म्हणाला. डोक्याला जुनी मोठी खोक, बोलता येत नाही, भांडी घासतो. "मॅडम, चेहरा बठ्ठा त्याचाच." मॅडमनी त्याला पाणी दिलं, ढाब्याची खूण नीट विचारून घेतली आणि हे कमलला सांगू नको असं बजावलं. या वेळी मला बरोबर घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "एकटीलाच जाऊ द्या, सर."

चार दिवसांनी शाळेत आल्या. मधल्या सुट्टीत आम्ही दोघंच शिक्षकखोलीत होतो. बाहेर मुलींचा लंगडीचा गलका चालला होता.

"नव्हता," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"लांबून मलाही तोच वाटला. तशीच मान, तसाच वाकून बसलेला. मी रस्त्याच्या अलीकडेच उभी राहिले. काय मनात आलं सांगू? हा सुदाम असेल तर कमलचं काय? त्या माणसाचं काय? तिच्या पोटात मूल आहे. मी त्याला घरी नेऊन कुठं ठेवू?" त्या खिडकीकडे बघत बोलत होत्या. "मग त्यानं तोंड वर केलं. सुदाम नव्हता. आणि सर, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तिथं रस्त्याच्या कडेला बसले आणि हसले. चार वर्षं ज्याला शोधत होते तो नाही म्हणून मी हसले."

घंटा झाली. त्यांनी खडू उचलला, वर्गावर गेल्या. आठवीला तरफ शिकवली त्या दिवशी.

धुळ्याच्या संपादकांनी पुढे एकदोनदा माझ्याकडे मॅडमची नवी कथा मागितली. वाचकांना ते यान आवडलं होतं म्हणे, त्याचाच पुढचा भाग द्या. मी निरोप दिला. "त्यांना म्हणावं, बँडवाल्यांनीच लिहावा पुढचा भाग," मॅडम म्हणाल्या. मूळ शेवट तेवढा त्यांनी मला एकदा स्वतःहून वाचून दाखवला, कोऱ्या आवाजात, "आणलंय तर उतरवू" पर्यंत. मग म्हणाल्या, "हे लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं, मला सगळं कळतं."

नव्वद साल उलटल्यावर मी धुळ्याच्या शाळेत गेलो. भेटी कमी झाल्या. मॅडम एकट्याच राहत होत्या, शिकवत होत्या. एका उन्हाळ्यात हृदयविकारानं अचानक गेल्या. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. खांदा द्यायला त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी पुढे आल्या होत्या, त्यावरून गल्लीत वादही झाला म्हणे.

पण त्याच्या काही महिने आधी त्या मला एकदा दिसल्या होत्या. पारोळ्याहून मी धुळ्याला परत येत होतो. भर दुपार होती. पुढे रस्त्यावर सरकीची पोती भरलेला एक ट्रक उलटला होता. सरकी रस्ताभर सांडली होती आणि आजूबाजूच्या वस्तीतली माणसं ती घमेल्यांनी, ओच्यांनी भरून नेत होती. समोरून येणाऱ्या एस.टी.तून उतरलेले प्रवासी घोळक्यानं उभे होते. आमच्या ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि कडेकडेनं काढायला लागला.

मी खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर, त्या तापलेल्या डांबरावर तायडे मॅडम बसल्या होत्या. ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्यासमोर आडवा होता, पोरगाच होता, कमरेपासून खाली काही राहिलं नव्हतं. अंगावरच्या साडीचा पदर ताणून त्यांनी त्याच्या तोंडावर सावली धरली होती आणि घोळक्याकडे बघून ओरडत होत्या, "याला कोणी ओळखतं का? अरे, गाव कुठलं याचं? गाडीवर काही लिहिलंय का बघा ना कोणीतरी!" कोणी हलत नव्हतं. मी हाक मारली. इंजिनाच्या घरघरीत ती पोचली नसावी.

पोराचे ओठ हलले. मॅडम खाली वाकल्या, कान त्याच्या तोंडाशी नेला, आणि दुसरा हात मागे उंच धरून त्यांनी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. घोळका गप्प झाला. घमेली घेऊन वाकलेल्या बायका होत्या तशाच थांबल्या. आमची गाडी वळणावर गेली तरी तो हात वरच होता.